कच्चा करडा

"हात आखडू नकोस, आणखी मीठ घाल," मावशी म्हणाली. "मीठ कमी पडलं की रंग धरत नाही. पहिल्या धुण्यातच पळ काढतो."

भाचीने आणखी मूठभर मीठ बादलीत सोडलं आणि जुन्या लाकडी पळीने गरम पाणी ढवळलं. न्हाणीघरात वाफ कोंडली होती. दोघींचे चेहरे घामाने चमकत होते.

"पण करडा नेमका तोच यायला हवा हं. निळसर नको. राखेसारखा पण नको."

"मग कसा हवा, राणीसरकार?"

"त्या शॉटमधला. मावशी, इतकी वर्षं तू रंगाच्या खात्यात आहेस की भाजीच्या?"

मावशी हसली. ही सोळा वर्षांची मुलगी खारीसारखी सदा घाईत, म्हणून घरात तिचं नाव खारू पडलं होतं. घर म्हणजे या दोघीच. खारूची आई ही मावशीची थोरली बहीण. खारू पाच वर्षांची असताना ती गेली. बापाने त्याआधीच दुसरीकडे संसार थाटला होता. तेव्हापासून मावशीने हिला वाढवलं होतं आणि हिच्याशिवाय तिला दुसरं कुणी नव्हतं.

बादलीशेजारी स्टुलावर एक निळा सुती मफलर घडी घालून ठेवला होता. तो खारूच्या आईचा. आईचं म्हणून घरात जे काही उरलं होतं, त्यातली अंगावर घेता येईल अशी ती एकच वस्तू होती.

"अजून विचार कर," मावशी म्हणाली. "एकदा करडा झाला की निळा परत येणार नाही."

"तेच तर आहे ना! त्याचा पण परत येत नाही. तोच तर अर्थ आहे."

"अर्थ राहू दे तुझ्यापाशी. मफलर एकच आहे, म्हणून म्हटलं. बाजारात दुसरा मिळेल करडा. तयार."

"बाजारातला सगळ्यांचाच असेल. टाक तू."

मावशीने टाकला. निळ्यावर नुसता काळा चढवला तर शाईचा रंग येतो. निळा दाबायला चिमूटभर तांबूस लागतो, आणि तो नेमका किती, हे पुड्यावर लिहिलेलं नसतं. मावशीने पाण्याकडे पाहत, थोडं थोडं करत तो घातला. अर्ध्या तासाने मफलर बाहेर काढून उजेडात धरला, तेव्हा खारू किंचाळलीच.

"सेम! मावशी, सेम टु सेम! कसा काय जमवलास?"

"जमतो," मावशी म्हणाली. तो करडा तिला शोधावा लागला नव्हता.

'सात दारांचं गाव' ही टीव्हीवरची हलत्या चित्रांची मालिका मावशी काम करते त्याच स्टुडिओत तयार होत असे. गावाच्या सातव्या दारावर एक पहारेकरी उभा असतो. तो बोलत नाही. गळ्यात निळा मफलर. ज्या म्हातारीने त्याला लहानाचा मोठा केला, ती एका संध्याकाळी त्या दारातून पलीकडे जायला निघते. पलीकडे गेलेलं कुणी परत येत नाही. तो तिचा हात धरून उभा असतो, मग ती हात सोडवून घेते आणि जाते. तो तिथेच उभा राहतो, आणि त्याचा मफलर करडा होतो. नुसता मफलरच नाही. करडा त्याच्या अंगठ्यावरही थोडा उतरतो.

एवढाच शॉट. पण त्या शॉटने पोरांना वेड लावलं. ती स्वतःला 'सातवे' म्हणवून घेऊ लागली. ज्या तारखेला तो भाग पहिल्यांदा दाखवला गेला, तो त्यांचा 'करडा दिवस' ठरला. त्या दिवशी करडं काहीतरी अंगावर घालून जमायचं, आपण काढलेलं चित्र किंवा केलेली कविता भिंतीवर टाचायची आणि तो शॉट जेवढा चालतो तेवढा वेळ गप्प उभं राहायचं, असा रिवाज त्यांनी आपला आपणच पाडला होता. सुरुवातीला हे कुणाच्या तरी गच्चीवर, कुणाच्या शाळेच्या मागच्या खोलीत चालत असे. यंदा स्टुडिओनेच सभागृह घेतलं होतं. मालिकेवर मोठा सिनेमा निघणार होता आणि दिग्दर्शक सर स्वतः येणार होते. खारूची कविता वाचनासाठी निवडली गेली होती.

"तो शॉट तू रंगवलास का गं?" असं खारूने दोन वर्षांपूर्वी एकदा विचारलं होतं.

"आठवत नाही. रोज शेकड्याने चित्रं जातात हाताखालून," मावशीने सांगितलं होतं. आणि खारूला ते पटलं होतं. रंग भरणारीला काय आठवणार?

मावशीला सगळं आठवत होतं.

तिचं काम रंग भरण्याचं. रेघेची चित्रं यायची, तक्त्यावर प्रत्येक जागेचा रंग ठरलेला असायचा, त्याप्रमाणे पडद्यावर एकेक चित्र भरत जायचं. कधी एखाद्या जागेचा रंग वर ठरलेलाच नसे. काम अडू नये म्हणून तिथे तेवढ्यापुरता एक करडा टाकायचा. खात्यात त्याला 'कच्चा' म्हणत. कच्चा दिसला की ज्याच्या हाती पुढचं काम असेल त्याने विचारून पक्का भरायचा. तो करडा कुणाला आवडावा म्हणून कुणी निवडलेला नव्हता. डोळ्यांत खुपावा, राहून जाऊ नये, एवढाच त्याचा उपयोग.

त्या दिवशी म्हातारी निघून जाते तो शॉट मावशीच्या टेबलावर होता. संध्याकाळच्या उजेडात मफलरचा निळा किती काळवंडावा, हे सरांनी अजून ठरवलं नव्हतं. दुपारी खातेप्रमुखाच्या टेबलावरचा फोन वाजला. या खातेप्रमुखाला सगळे पाठीमागे मुकादम म्हणत. रुग्णालयातून निरोप होता. बहिणीचं जास्त झालंय, तुमचं नाव घेतायत, निघा.

"जा ना, मी कुठे नाही म्हणतोय?" मुकादम म्हणाला. "हातातला शॉट तेवढा हातावेगळा करा. संध्याकाळी भाग वाहिनीकडे जायचाय. उघडा टाकून गेलात तर मी तो कुणाच्या गळ्यात मारू? आणि काम चोख हवं हं, ताई."

तिने पर्स खांद्याला लावली. मग पर्स तशीच खांद्याला ठेवून ती परत बसली. मफलरला कच्चा टाकत सुटली. हात भराभर चालत होता. एका ठिकाणी रेघ जुळलेली नव्हती, तिथून रंग बाहेर गळला आणि अंगठ्यावर पसरला. तिला ते दिसलं. तिने तसंच पुढे रेटलं. पाऊण तासाने ती उठली आणि धावत सुटली.

रुग्णालयात पोचली तेव्हा नर्स पडदा सरकवून पलंगाची चादर काढत होती. "थोडक्यात चुकलं हो तुमचं," ती म्हणाली. "आत्ताआत्तापर्यंत विचारत होत्या."

नातेवाइकांना मावशीने सांगितलं, निरोपच उशिरा मिळाला. खारू मोठी होताना विचारू लागली, तेव्हा तिलाही तेच सांगितलं.

तिकडे कच्चा पक्का झालाच नाही. तपासणाऱ्याला वाटलं, सरांचं काहीतरी नवीन डोकं असेल. मुकादमाला वाटलं, तपासणाऱ्याने विचारलं असेल. भाग तसाच दाखवला गेला. दुसऱ्या दिवशी सर खात्यात येऊन सगळ्यांदेखत ओरडले, "कुणी केला हा गाढवपणा?" मावशी बहिणीच्या मागचं आवरायला घरी होती. तिची बाजू मांडायला कुणाची जीभ उचलली नाही. मालिकेच्या शेवटी नावांची पट्टी सरकते, त्यातून तिचं नाव गेलं. नोकरी राहिली. पुढे पोरांची पत्रं यायला लागली, करड्याची चित्रं यायला लागली, तसा ओरडा बंद झाला. नंतरच्या भागांत पहारेकरी करड्या मफलरनेच आला. तक्त्यात त्या करड्याला नंबर मिळाला. तिचं नाव पट्टीत परत घालायचं मात्र कुणाला सुचलं नाही, आणि तिनेही सुचवलं नाही.

सभागृहाच्या चारही भिंती करड्या झाल्या होत्या. मावशी एकेका चित्रापाशी थांबत हळूहळू पुढे सरकत होती. कुणी मफलरचा धूर केला होता, कुणी नदी. एका मुलीने पेन्सिलची टोकं घासून त्याची पूड चिकटवली होती आणि खाली लिहिलं होतं, 'हात लावू नये, उडेल.' एकाने पहारेकऱ्याच्या पाठीला दप्तर अडकवलं होतं आणि शेजारी कविता टाचली होती:

*सहा दारं उघडी टाक, सातव्याला लाव कडी,*
*आई म्हणते परीक्षा आहे, मी म्हणतो एकच घडी.*

एकही चित्र असं नव्हतं की ज्यात अंगठा राहून गेला होता. ज्यांना हात काढता येत नव्हते, त्यांनी इतर बोटं कशीबशी उरकली होती आणि अंगठा तेवढा मन लावून काढला होता.

"काय ताई, प्रदर्शन पाहताय आपलं?"

मागे खात्यातला रेघवाला उभा होता. केस पांढरे झाले तरी तोंड तसंच होतं. चित्रांच्या रेघा साफ करण्यात त्याची उभी हयात गेली होती.

"आपलं कसलं?"

"वा! ती फट माझी, गळती तुमची. जोडीने संसार केलाय आपण त्या अंगठ्याचा." तो कानाशी आला. "आणि बघा, केवढी पोरं झाली."

"गप बसा. लोक ऐकतील."

"ऐकू देत. पटणार कुणाला आहे?"

दिवे मंद झाले. पडद्यावर तो शॉट आवाज बंद करून लावला. शे-दोनशे पोरं उठून उभी राहिली. ज्यांच्या तोंडाला एरवी कुलूप लावावं लागतं ती पोरं श्वास रोखून उभी होती. मावशीही उभी राहिली. ती पडद्याकडे पाहत नव्हती, खारूकडे पाहत होती. खारू पुढच्या रांगेत होती. गळ्यात तो मफलर, आणि ओठ घट्ट मिटलेले.

मग सर मंचावर आले. पोरांनी सभागृह डोक्यावर घेतलं. प्रश्न सुरू झाले तसा खारूने हात वर केला.

"सर, तो करडा तुम्हाला कसा सुचला?"

सरांनी चष्मा काढला, पुसला.

"सुचला नाही, बेटा. तो भोगावा लागला," ते म्हणाले. "कित्येक रात्री झोप नव्हती. वाटायचं, याचं दुःख दाखवायचं कसं? हा तर बोलत नाही, रडत नाही. मग एका पहाटे वाटलं, रंगच जाऊ दे ना. जे गेलं ते रंग घेऊन गेलं. लोक म्हणाले, वेडेपणा आहे. मी म्हटलं, असू दे."

"आणि अंगठा?"

"शेवटचा स्पर्श जिथे असतो," सर म्हणाले, "तिथे डाग राहतो."

पुढच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. टाळ्या थांबेनात.

"झोप नव्हती हे खरं असेल," रेघवाला पुटपुटला. "त्या दिवशी एवढे ओरडले होते की माझीही उडाली होती."

आश्चर्य मावशीला सरांच्या थापेचं वाटत नव्हतं. सरांचा आवाज भरून आला होता आणि तो खोटा नव्हता. इतकी वर्षं सांगून सांगून त्यांचाही त्यावर विश्वास बसला असावा. तिला खुपत होतं ते वेगळंच. खारू सरांकडे मान वर करून पाहत होती. आजारपणात उशाशी बसून, परीक्षेला सोबत करून, स्वतःला सांगून आलेली दोन स्थळं तिच्यासाठी परतवून मावशीने इतकी वर्षं काढली. त्या वर्षांत खारूने तिच्याकडे असं एकदाही पाहिलं नव्हतं.

शेवटी खारूला वाचायला बोलावलं. कागद तिने हातात घेतला, पण त्याकडे पाहिलं नाही.

*तिने हात सोडवून घेतला तेव्हा*
*त्याने हाक मारली नाही.*
*मफलर आपणहून म्हणाला,*
*आता मी कुणासाठी निळा राहू?*

*करडा गळ्यावरून खाली उतरला*
*आणि थोडासा अंगठ्याला लागला,*
*जिथे तिचा हात*
*सगळ्यात शेवटी होता.*

*मी पाच वर्षांची होते.*
*रंग असा जातो*
*हे मला कुणी सांगितलं नाही.*
*मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी सांडलं.*

सर उठून पुढे आले. "ही कविता सिनेमाच्या सुरुवातीला येईल," त्यांनी जाहीर केलं. खारूच्या गळ्यातल्या मफलरचं टोक हातात धरून ते म्हणाले, "अगदी तोच! हा करडा आता तुझा झाला, बेटा."

बसमध्ये मागची जागा मिळाली. खारूची बडबड थांबत नव्हती.

"पाहिलंस, सर रडले! खरंच रडले! आणि काय म्हणाले, सुचला नाही, भोगावा लागला. मावशी, तू त्याच खात्यात असतेस, तुला कधीच काही जाणवलं नाही? एवढा मोठा माणूस रात्र रात्र तळमळतोय, आणि तुम्ही आपले खाली मान घालून रंग भरताय."

"खाली मान घातल्याशिवाय भरता येत नाही," मावशी म्हणाली.

"तसं नाही गं. म्हणजे तुम्हाला सांगतील तो रंग तुम्ही भरणार, तुमचा काय दोष? पण मला वाटतं, त्या शॉटवर जिने काम केलं असेल ना, तिला तरी कळलं असेल का, आपण काय भरतोय?"

मावशीने खिडकीबाहेर पाहिलं. दुकानांच्या पाट्या मागे जात होत्या. आता गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. गप्प बसण्याचा तिला सराव होता.

"मी भरला तो," ती म्हणाली.

"काय?"

"तो शॉट. मी भरला. सरांनी काही ठरवलं नव्हतं. तो कच्चा आहे. रंग माहीत नसला की आम्ही टाकतो तो. पक्का भरायचा राहून गेला, झालं. अंगठ्याची तर रेघच जुळलेली नव्हती."

खारू हसली. मावशीचा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं.

"काहीतरीच. तू म्हणाली होतीस, आठवत नाही."

"रेघवाल्यांना विचार."

"म्हणजे ती चूक आहे?" तिचा आवाज चढला. पुढच्या बाकावरच्या बाईने मान वळवली. "आम्ही सगळे एका चुकीसाठी उभे राहतो? मी चुकीवर कविता लिहिली?"

"चूक नाही, खारू. ऐक तर."

"मग काय आहे? इतका कंटाळा आला होता तुला कामाचा?"

"मला जायचं होतं. फोन आला होता." आता शब्द आपोआप बाहेर पडत होते. "तुझ्या आईचा फोन होता. रुग्णालयातून. त्या दिवशीचा आहे तो करडा. सरांचा नाही, तुझ्या आईचा आहे. तू बरोबर लिहिलंस. न कळता बरोबर लिहिलंस. हेच सांगायचं होतं मला."

खारू तिच्याकडे टक लावून पाहत राहिली. क्षणभर, फक्त क्षणभर, मावशीला वाटलं की ती नजर आपल्याकडे वळतेय. अकरा वर्षं वाट पाहिली ती.

"फोन आला," खारू सावकाश म्हणाली, "आणि मग तू तो शॉट भरलास?"

मावशीने पर्सचा पट्टा खांद्यावर ओढून घेतला.

"सगळा? अंगठ्यापर्यंत?"

"मुकादम सोडत नव्हते."

"बांधून ठेवलं होतं?"

"नाही."

"तू म्हणाली होतीस, निरोपच उशिरा मिळाला."

बस एका वळणावर कलली. दोघींचे खांदे एकमेकींना लागले आणि खारूने आपला बाजूला घेतला. मग तिने गळ्यातला मफलर काढला, मांडीवर ठेवला आणि उतरेपर्यंत त्याला हात लावला नाही.

"हे तरी सांगायचं नव्हतंस," दार उघडताना ती म्हणाली. मावशीला ते नीट ऐकू आलं. तरी तिने "काय?" असं विचारलं. खारू आत निघून गेली.

मावशीने चहा टाकला, दोन कप ओतले, एक झाकून ठेवला. न्हाणीघरातून नळाचा आवाज येत होता. बराच वेळ झाला तरी थांबेना, तेव्हा ती उठली.

खारू जमिनीवर उकिडवी बसली होती. बादलीत साबणाचा फेस दाटला होता आणि त्यात ती मफलर घासत होती. दोन्ही मुठींत धरून, दगडावर आपटावं तशी. बोटं लाल झाली होती. मावशी दारात उभी आहे हे तिला कळलं, पण तिने वर पाहिलं नाही.

"खाली निळा असेल ना?" तिने विचारलं.

"आहे," मावशी म्हणाली. "खालीच आहे. जात नाही तो कुठे."

"मग निघू दे हा वरचा."

यावर सांगण्यासारखं मावशीकडे होतं. पाणी किती गरम होतं, मीठ किती, आणि तांबूस नेमका किती पडला होता. तिने ते सांगितलं नाही. साडी खोचावी तशी ओढणी कमरेला खोचली, समोर बसली आणि नळाखाली दुसरी बादली लावली. दोघींनी मिळून मफलर चारदा खळबळला. मग मावशीने एक टोक धरलं, दुसरं पुढे केलं. खारूने ते घेतलं. उठून उभ्या राहून दोघींनी उलटसुलट पीळ दिला, होता नव्हता तेवढा जोर लावून.

पाणी खाली पडलं, ते नितळ होतं. मावशीने ओंजळ धरून पाहिलं. त्यात करड्याचा मागमूस नव्हता. रंग पक्का बसला होता. काम चोख झालं होतं.

खारूने आपल्या हातातलं टोक सोडून दिलं आणि ती बाहेर गेली. पीळ आपोआप उलगडत गेला, ओला मफलर मावशीच्या हातात लोंबत राहिला. तिने तो झटकला, चारी कडा ओढून सरळ केल्या आणि न्हाणीघराच्या दांडीवर सावलीच्या बाजूला पसरला. उन्हात हा रंग विटतो.